शेपटीची दोन पाती

४ मार्च

प्रिय वहिनी,

तुमच्या छापखान्यातलं विमान गेल्या आठवड्यात आमच्या चौकीवर उतरलं. उतरलं म्हणजे काय, एका पाकिटातून चार ताव निघाले, एक सूचनांचा कागद, आणि वर शिक्का: ‘फक्त टेहळणीसाठी, बाहेर नेऊ नये’. पोस्टमनकाकांनी ताव उलटे धरून बघितले, सुलटे धरून बघितले आणि म्हणाले, “हे शत्रूचं बॉम्बफेकी विमान आहे की कुणी रागाने फाडलेला नकाशा?” सगळे सुटे तुकडे, प्रत्येकावर नंबर, आणि कडेला ते डिंक लावायचे कान. मी म्हटलं, काका, सरा बाजूला. जिने बारा वर्षं लोकांचे कोट बेतले तिला कागदाचं विमान जड आहे का?

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की आम्ही टाकीवर दिवसभर करतो तरी काय. पाण्याच्या टाकीच्या छपरावर आमची पत्र्याची खोली आहे. त्यात एक बाक, एक दुर्बीण, एक टेलिफोन, एक पोस्टमनकाका आणि एक मी. विमानाचा आवाज आला की वीस आकडे मोजायच्या आत फोनवर सांगायचं: कुणाचं विमान, कुठून कुठे, किती उंच. पुलावर आणि गिरणीवरही अशाच चौक्या आहेत. कुठल्याही दोन चौक्यांनी ‘शत्रूचं’ म्हटलं की टेकडीवरच्या तोफा सुरू. आपली विमानं परत यायची असली की वेळ आधीच कळवतात, त्यामुळे तेव्हा आम्ही निवांत. प्रश्न येतो तो वेळ चुकवून एकट्याने येणाऱ्याचा.

तर चार दिवस बसून मी विमान जोडलं. छपराच्या वाशाला दोऱ्याने टांगलंय. खाली बाकावर आडवं व्हायचं, एक डोळा मिटायचा आणि बघायचं, म्हणजे खरं विमान आभाळात दिसेल तसंच दिसतं. काका तर बघता बघता घोरायलाच लागतात.

एक गंमत सांगू? शेपटी चिकटवून मी आडवी झाले आणि क्षणभर वाटलं, दादाच आला! तुमच्या घरी कपाटावर फोटो आहे ना, दादा विमानाच्या शेपटीला टेकून उभा आहे तो, अगदी तसलीच शेपटी. दोन टोकांना दोन गोल पाती. काकांना म्हटलं तर ते म्हणाले, “मग शत्रूच्या विमानाला काय शिंगं असतात?” तेही खरंच. पुलावरच्या चौकीवाल्यांनीही त्यांचं विमान जोडलंय, आणि आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की खालून बाकी काही कळत नाही, शेपटी तेवढी स्वच्छ दिसते, तेव्हा शेपटीवरूनच ओळखायचं.

दादाचं पत्र येतं का? मला तर तो विसरलाच आहे.

तुझी,
टिटवी

*

११ मार्च

प्रिय टिटवी,

तुझं पत्र मिळालं. विमान नीट जोडल्याबद्दल शाबासकी.

शेपटी बरोबर आहे. आमच्याकडे प्रत्येक ताव छापण्याआधी मी स्वतः कोऱ्या कागदाचं विमान करून बघते आणि लष्करातले एक अधिकारी पट्टी लावून तपासतात. त्यांची सही आहे. तेव्हा असल्या गमती कुणाला सांगत बसू नकोस, आणि पत्रात तर लिहूच नकोस. तुझे दादा तुला टिटवी म्हणतात ते उगाच नाही, तुला गप्प बसवत नाही.

आमच्याकडे सध्या वातावरण बरं नाही. आमचे जुळारी, ते चष्मेवाले, छपाईचे खिळे जुळवताना नेहमी शीळ घालायचे ते, त्यांच्याकडून भोंग्याच्या वेळापत्रकात एक आकडा चुकला. गेल्या आठवड्यात बंद गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. त्यांचा चष्मा अजून खिळ्यांच्या पेटीवर तसाच पडलाय. सगळे त्याला वळसा घालून जातात.

दादा ठीक आहेत. दोन आठवड्यांपूर्वी एक इंजिन बंद पडून सगळ्यांच्या मागून एकटे परतले. लिहिताना मात्र असं लिहितात की जणू बस चुकली होती.

काळजी घे.

तुझी,
वहिनी

*

१३ मार्च
(दुधाच्या लॉरीवाल्याच्या हाती)

टिटवे,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, कारण टपालातली पत्रं फोडतात. लॉरीवाला भला माणूस आहे, त्याने काही विचारलं नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

मी तुला खोटं लिहिलं. म्हणजे लिहिताना मला खात्री नव्हती. मनाला चाटून गेलं होतं, पण बघायची हिंमत नव्हती. काल सगळे जेवायला गेल्यावर मी मूळ आराखडा काढून तावाशेजारी ठेवला. शेपटी त्यांच्या विमानाची नाही. ती आपल्या विमानाची आहे. तुझ्या दादांच्या विमानाची.

त्यांच्याही शेपटीला पाती दोनच आहेत. पण ती वरून चौकोनी कापलेली असतात आणि टोकांपासून बरीच आत बसवलेली, त्यामुळे आडवी शेपटी दोन्ही बाजूंना बाहेर डोकावते. आपली पाती गोल, आणि अगदी टोकांवर. तुकडा नंबर तेवीस आणि चोवीस. तुझ्या टाकीवर टांगलेल्या विमानाला ते गोल आहेत, टोकांवर आहेत.

कसं झालं ते सांगते, म्हणजे मी वेडी नाही हे तरी तुला कळेल. तुझ्या दादांच्या वाढदिवसाला मी त्यांच्याच विमानाचं कागदी रूप करत होते, त्याच मापात. जेवणाच्या सुट्टीत थोडंथोडं काढायचे, म्हणून त्याच्या पात्याचा पुठ्ठ्याचा साचा माझ्या कंपासपेटीत असायचा. शत्रूच्या विमानाचा साचाही त्याच पेटीत. मी पेटीत हात घातला, साचा काढला, भोवती पेन्सिल फिरवली. पुठ्ठ्यावर पातं कुठे बसवायचं त्या खाचेची खूण होती, तिथेच खाच दाखवली. झालं. कोऱ्या कागदाचं विमान केलं, समोर ठेवलं, आणि मला ते बरोबर दिसलं. का दिसणार नाही? दोन वर्षं मी तीच शेपटी रोज बघतेय. अधिकाऱ्यांनी पट्टी लावली: लांबी बरोबर, पंख बरोबर, शेपटीला पाती किती, दोन, बरोबर. सही.

एकशेवीस संच गेले. किनाऱ्यापासून आतपर्यंत सगळ्या चौक्यांवर.

आता ऐक. तुझ्या विमानाची पाती काढ, वरून चौकोनी काप, बोटभर आत चिकटव. काकांना सांग डिंक सुटला होता. आणि कुणाला बोलू नकोस. मला जुळाऱ्यांचा चष्मा दिसतो गं. त्यांचा तर एक आकडा चुकला होता. माझ्याकडून शत्रूच्या जागी आपलं विमान काढून झालंय. ही चूक होती हे कोण मानेल? तुझे दादा परतताना तुझ्याच डोक्यावरून जातात, निदान तू तरी चुकू नयेस एवढंच माझं मागणं आहे.

मला फार भीती वाटते.

वहिनी

*

१७ मार्च
(लॉरीवाल्याच्या हाती)

वहिनी,

पत्र जाळलं. काकांनी जाळताना बघितलं आणि विचारलं, “कुणाचं प्रेमपत्र आहे का?” मी हो म्हटलं. आता तो माणूस मला रोज चिडवतो.

पाती कापली, आत घेतली. काका झोपलेले असताना केलं. उठल्यावर त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि दुर्बीण पुसायला घेतली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न उघडता वाटलेला माणूस आहे, न विचारण्याची सवय आहे त्यांना.

पण वहिनी, माझ्या एकटीचं विमान दुरुस्त करून काय होणार? मी तुला सांगितलं होतं ना, तोफांना दोन चौक्या लागतात. माझ्या एका बाजूला पूल आहे, दुसऱ्या बाजूला गिरणी आहे. पूल आणि गिरणी ‘शत्रूचं’ म्हणाले की मी टाकीवर उभी राहून बोंब मारली तरी तोफा माझ्यासाठी थांबणार नाहीत. पुलावरचा तो शिकवणीवाला मास्तर तर शेपटी पाठ करून बसलाय. परवा फोनवर मला अभिमानाने सांगत होता, “आता मी झोपेतही ओळखीन.” त्याला मी काय सांगू? फोनवर बोललेलं फोन जोडणाऱ्या मधल्या बाई ऐकतात आणि लिहून ठेवतात.

दादा फक्त माझ्याच डोक्यावरून जातो का? किनाऱ्यापासून इथपर्यंत अकरा चौक्या आहेत. म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं झालंय हे. तू चुकीने केलंस, मला माहीत आहे. पण आता गप्प बसशील तर ते चुकीने नाही होणार.

फोरमनकडे जा. अकरा वर्षं तू त्यांच्या हाताखाली आहेस, ते तुझ्या बाजूने बोलतील. सोमवारी जा. मला कळव.

टिटवी

*

२४ मार्च
(लॉरीवाल्याच्या हाती)

प्रिय टिटवी,

सोमवारी गेले होते. खरंच गेले होते. फोरमनच्या दारावर टकटक केली, आत गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, “काय हवंय?” आणि मी म्हटलं, “निबं संपलीत.” त्यांनी कपाटातून डबी काढून दिली. मी आभार मानून बाहेर आले. माझ्या टेबलावर आधीच नव्या निबांच्या दोन डब्या आहेत.

हसू नकोस. आत जाताना मी सगळं पाठ केलं होतं. पण मी आत असतानाच जुळाऱ्यांची बायको आली. नवऱ्याचा चष्मा मागत होती, म्हणाली, चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही, कुठे असतील तिथे नेऊन देते. फोरमनने तिच्याकडे बघून सांगितलं, “बाई, या नावाचं इथे कुणी कामाला नव्हतं.” आणि चष्मा त्या वेळी दहा पावलांवर पडलेला होता. तिला तो दिसत होता. मलाही. तिने तो उचलला नाही. तशीच गेली.

हेच फोरमन माझ्या बाजूने बोलतील म्हणतेस?

एक बातमी आहे, आणि मी ती आनंदाची म्हणून सांगतेय, यावरून माझं काय झालंय ते समज. तुझ्या दादांना कावीळ झालीय. डॉक्टरांनी तीन आठवडे विमानाच्या जवळही जायला बंदी घातलीय. डोळे लिंबासारखे पिवळे झालेत म्हणून लिहितात, आणि दिवसभर उकडलेलं बेचव खातोय म्हणून कुरकुर करतात. पत्र वाचून मी रडले, इतकं हायसं वाटलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत ते जमिनीवर आहेत. तेवढ्यात मी काहीतरी करीन. नवीन तावाचं काम निघालं की त्यात शेपटी सुधारून घालीन, ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून सगळीकडे जाईल, कुणाला काही कळणारही नाही. घाई केली तर मात्र आगीतून फुफाट्यात.

झोप नाही. बाकी ठीक.

वहिनी

*

२८ मार्च
(लॉरीवाल्याच्या हाती)

वहिनी,

थोडक्यात लिहिते, कारण राग आलाय.

दादाला कावीळ झाली म्हणून घाई नाही? त्याच्या विमानात सात जण बसतात. तो अंथरुणात आहे, तर त्याच्या जागी कुणीतरी दुसरा बसत असेल ना? त्यालाही घरी कुणी असेल, ती तुझ्यासारखीच कपाटावरचा फोटो पुसत असेल. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं इतरांनी म्हणावं. तू नाही.

काल आपलं एक विमान एकटंच उशिरा आलं. पुलावरच्या मास्तरने फोन उचललाच होता. ढग आला आणि मध्ये शेपटी दिसली नाही, म्हणून तो थांबला. ढग आला म्हणून, वहिनी. मी बाकावर बसले ती उठलेच नाही. काकांनी चहा करून हातात दिला.

‘सुधारित आवृत्ती’ कधी निघणार? पुढच्या वर्षी? सोमवारी जा.

टिटवी

*

३१ मार्च
(लॉरीवाल्याच्या हाती)

टिटवे,

काल लष्कराचे लोक यंत्रं तपासायला आले होते, फोरमन दिवसभर त्यांच्याबरोबर होते. त्यांच्यासमोर कसं बोलणार? पुढच्या सोमवारी. तुझ्या गळ्याची शपथ.

तुझं बरोबर आहे. हे मला रोज सकाळी पटतं आणि छापखान्याचं दार दिसलं की पटेनासं होतं.

वहिनी

*

२ एप्रिल
(लॉरीवाल्याच्या हाती, तातडीने)

वहिनी,

मी तुझं नाव घेतलं. आधी हे वाच, मग बाकीचं.

आज चारच्या सुमाराला समुद्राच्या बाजूने आवाज आला. एकच विमान, कमी उंचीवरून येणारं, आवाज तुटक. आपल्या विमानांची वेळ दोनची होती आणि ती सगळी गेली होती. काका दुर्बिणीला, मी फोनपाशी. मी रिसीव्हर उचलला तोवर मास्तर बोलतच होता: “पुलावरून. शत्रूचं. शेपटीला दोन गोल पाती, टोकांवर, अगदी स्पष्ट.” त्याचा आवाज आनंदाने चिरकत होता. एवढे महिने बसून त्याला पहिलं विमान मिळालं होतं.

फोनवरच्या बाई म्हणाल्या, “टाकी, बोला. शत्रूचं?”

मी म्हटलं, “नाही. आपलं आहे.”

“पूल म्हणतोय शत्रूचं. गिरणीला जोडते.”

“गिरणीलाही तसंच दिसेल. बाई, ताव चुकलाय. ती शेपटी आपल्या विमानाची आहे.”

“कोण म्हणतं?”

काका दुर्बीण सोडून माझ्याकडे वळले होते. वीसमधले किती आकडे उरले होते देव जाणे. मी नुसतं ‘मी म्हणते’ म्हटलं असतं तर त्यांनी गिरणीला जोडलं असतं. एका शिंपिणीच्या शब्दाला कोण विचारतो? म्हणून मी सांगितलं. माझा भाऊ विमानात आहे, त्याच्या विमानाचा फोटो त्याच्या घरी आहे, शेपटी तीच आहे. ताव माझ्या वहिनीने काढलाय. तिच्याकडून शत्रूच्या जागी भावाच्या विमानाची शेपटी उतरलीय. त्यांनी तुझं नाव विचारलं. मी ते सांगितलं, छापखान्याचं सांगितलं. दोनदा सांगितलं, त्यांना नीट लिहून घेता यावं म्हणून.

मग बाईंनी विचारलं, “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

मी म्हटलं, “आत्ता कळलं. विमान बघून.” काकांनी ते ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, “मीही तसंच सांगीन. तुला आत्ताच कळलं, मी इथे उभा होतो.” तेवढंच बोलले आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

तोफा सुटल्या नाहीत. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, धूर सोडत.

आता जे सांगते ते मी कुणालाही सांगणार नाही. वहिनी, मला शेपटी दिसली नव्हती. ऊन थेट डोळ्यांत होतं. मास्तर म्हणाला गोल पाती, आणि मी त्याच्या शब्दावर बोलले. त्याला धड दिसलं नसतं, तो पाठ केलेलंच बोलत असता, तर? विमान गावावर गेलं तेव्हा मी कठडा धरून उभी होते आणि बॉम्बचा आवाज ऐकायची वाट बघत होते. खाली शाळा सुटली होती. पोरं रस्त्यावर होती, वर बघून हात हलवत होती. किती वेळ गेला कळलं नाही. मग फोन वाजला. विमान पलीकडच्या मैदानावर उतरलं. आपलंच होतं. सात जण, सातही जिवंत.

त्यांतलं कुणीही आपल्या ओळखीचं नाही. दादा अंथरुणात आहे हे फोनवर बोलतानाही मला पुरतं ठाऊक होतं. त्याच्यासाठी तुझं नाव घेतलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. आता करशील का, माहीत नाही.

ते तुझ्याकडे येतील, कदाचित हे पत्र पोचायच्या आत. विचारतील, कुणाला सांगितलं होतं. तू खरं सांगितलंस तर मी आणि काका दोघंही वीस दिवस गप्प बसलो हे बाहेर येईल. मी तुला खोटं बोल असं म्हणत नाहीये. मला ते म्हणायचा हक्क नाही. फक्त मी काय बोललेय ते तुला कळावं.

घाबरले आहे. तूही घाबरली असशील.

टिटवी

*

४ एप्रिल

बाई,

तुमचं पत्र परत देतोय. घराला कुलूप आहे. शेजारच्यांना विचारलं तर त्यांनी दार लावून घेतलं. छापखान्यापाशीही गेलो, तिथला पहारेकरी म्हणाला, त्या बाई इथे येत नाहीत, आणि तुम्ही पुन्हा विचारू नका. आतली पत्रं मी वाचत नाही पण यापुढे माझ्याकडे देऊ नका. मला तीन मुली आहेत.

दूधवाला

*

६ एप्रिल
(टपालाने. पाकिटावर शिक्का: ‘तपासले’)

प्रिय टिटवी,

मला एक पत्र लिहायची परवानगी मिळाली आहे, एका कागदाचं. तुझ्याआधी दोन जण वाचणार आहेत, म्हणून अक्षर नीट काढते.

दोन तारखेला छापखाना सुटायच्या वेळी दोन माणसं आली. विचारलं, शेपटीचे भाग कुणी काढले? मी म्हटलं, मी. चूक झाली हे कधी कळलं? मी म्हटलं, बारा मार्चला, जेवणाच्या सुट्टीत. मग विचारलं, कुणाला सांगितलं? मी म्हटलं, कुणालाही नाही. नवऱ्याला नाही, फोरमनला नाही, आणि नणंदेला तर मुळीच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांना हसू आलं नाही.

हे सगळं माझं सांगून झाल्यावर त्यांनी तू फोनवर बोललेलं मला वाचून दाखवलं. तू आभाळात बघून एका क्षणात ओळखलंस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तुझं मला कौतुक वाटलं. तुझं चार मार्चचं पत्र आणि माझं अकराचं, दोन्हींच्या नकला त्यांच्यापाशी आहेत. तू गमतीत शंका काढलीस आणि मी तुला शेपटी बरोबर असल्याचं लिहून गप्प केलं, हे त्यात स्वच्छ आहे. त्यामुळे तुझ्यावर किंवा काकांवर काही येण्याचं कारण नाही. दोष आहे तो माझा आहे, आणि चुकीचा कमी, गप्प बसण्याचा जास्त. मी तीन सोमवार घाबरले. माझ्या या घाबरण्यापायी सात माणसं जाणार होती. तू माझं नाव घेतलंस ते बरंच केलंस. मला स्वतःला ते घेता आलं नाही.

फोरमनना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ही बाई तोंडओळखीपुरती माहीत आहे. अकरा वर्षं. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं.

इथे मला एक खोली दिली आहे. टेबल मोठं आहे, उजेड चांगला आहे. दाराशी एक माणूस उभा असतो, त्याने सकाळी माझ्या पेन्सिलींना टोकं करून दिली. त्यांना सुधारलेला ताव ताबडतोब हवा आहे आणि तो काढणारं दुसरं कुणी नाही. ताव पूर्ण होईपर्यंत मी इथे राहीन असं सांगितलंय. पूर्ण झाल्यावर काय, ते मी विचारलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि उठून गेले.

हे पुढचं, जे वाचताहेत त्यांनीही वाचावं. हळू काढलं तर हे काम बुधवारपर्यंत पुरलं असतं. इथे कुणाला आराखडा वाचता येत नाही, कुणालाही कळलं नसतं. काल पहिला तासभर मी तसं केलंही. बरोबर आलेली रेघ दोनदा पुसली. मग वरून विमानं गेली, बरीच होती. कुणाची होती ते कळलं नाही, खिडकी उंच आहे. तुझे दादा अजून अंथरुणात आहेत, म्हणजे त्यांत ते नव्हते. तरी माझा हात आपोआप भरभर चालायला लागला आणि नंतर मी तो थांबवला नाही.

दादांना इतक्यात काही कळवू नकोस. बरे झाले की तूच सांग, तू सांगशील ते त्यांना ऐकवेल.

पाती आत घेतली आहेत, वरून चौकोनी. आराखड्यावर ठेवून चारदा मोजली. संध्याकाळी सहाला ताव त्यांच्या हातात देणार आहे. आता पाच वाजत आले, म्हणून पत्र इथेच थांबवते.

तुझी,
वहिनी